आयविंदला यायचा फोन

एरवी स्कीइंगचा राष्ट्रीय संघ कामाच्या दिवशी ठरायचा. यंदा वादळामुळे सगळंच लांबलं आणि निवड रविवारवर गेली. त्यामुळे आयविंद घरीच होता, आणि सकाळपासून फोनच्या आसपास त्याचं काही ना काही काम निघत होतं.

फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता. त्याच्या खाली बसून तो स्कीचं जुनं मेण खरवडत होता. खरं तर हे काम पडवीतलं. त्याच्या बायकोने, योरुनने, जमिनीवर पडलेल्या मेणाच्या सालींकडे एकदा पाहिलं आणि त्याच्यापुढे पाव नि तपकिरी चीज ठेवलं. दहा वर्षांच्या संसारात जानेवारी महिना कसा जातो ते तिला ठाऊक झालं होतं.

बाविसाव्या वर्षी आयविंदची एकदा निवड झाली होती. राखीव म्हणून. लाल स्वेटर घालून तो चार दिवस मैदानाच्या कडेला उभा राहिला. संघातल्या चौघांपैकी एकालाही साधी सर्दीसुद्धा झाली नाही, आणि तो तसाच परत आला. पण शेवटच्या चढावर लोकांचा जो गलका उठतो, तो त्याने ऐकला होता. त्याला नऊ वर्षं झाली. गिरणीत लाकडं कापताना करवतीच्या आवाजातही त्याला मधूनच तो ऐकू यायचा. एकदाच, फक्त एकदाच तो आपल्यासाठी उठावा, एवढंच त्याला हवं होतं.

गावाला हे माहीत होतं. दुकानदार गुडब्रांड तर दर वर्षी विचारायचा, "काय रे, फोनची तार उंदरांनी कुरतडली नाही ना? बघून घे एकदा."

आयविंद हसायचा. यंदाच्या राष्ट्रीय शर्यतीत तो सहावा आला होता. सहावा म्हणजे अगदी उंबरठ्यावर.

सराव तो योरुनबरोबर करायचा. नवा बर्फ पडला की माग पाडायला कुणीतरी पुढे लागतं, आणि गावात दुसरं होतं कोण? ती पुढे, तो मागे. टेकडीच्या माथ्यावर पोचली की ती थर्मासमधून बेरींचा गरम रस ओतून ठेवायची. तो येईपर्यंत रस पिण्याइतका निवलेला असायचा.

शर्यतींनाही ती बरोबर यायची. एवढ्या लांब आलोच आहोत तर, म्हणून बायकांच्या शर्यतीत नाव घालायची. ती शर्यत सकाळी असे, आणि तेव्हा आयविंद आपल्या स्कीला मेण लावण्यात गढलेला असे. बक्षिसाच्या कॉफीच्या किटल्या इतक्या साठल्या की दोन तिने चर्चच्या बाजाराला देऊन टाकल्या. पण रेडिओवर बायकांची शर्यत लागली की ती बटण बंद करायची. "डोकं उठतं माझं," म्हणायची.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक हालस्टाइन स्वतः सराव बघायला आले होते. हातात घड्याळ घेऊन दोन तास थंडीत उभे राहिले. मग याच स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता त्यांनी फोनचा नंबर लिहून घेतला.

"फोन सहसा कोण घेतं?" त्यांनी विचारलं.

"मीच," योरुन म्हणाली. "हा दिवसभर गिरणीत असतो."

त्या दिवसापासून आयविंदच्या आशेला पालवी फुटली. दर जानेवारीत गिरणीतून आला की दारातच तो विचारायचा, "आला होता?"

"तुला नाही आला," ती म्हणायची, आणि त्याच्या खांद्यावरचा बर्फ झटकायची.

आज न्याहारी करताना आयविंद म्हणाला, "यंदा नाही आला तर संपलं. एकतिसावं सरलं. आता नाही वाट बघत बसायचो."

योरुनच्या हातातली सुरी थांबली.

"खरंच?"

"खरंच. लोक तरी किती वर्षं हसणार?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बायकोला आपल्यापेक्षाही जास्त लागलंय, असं वाटून आयविंदला भरून आलं.

"आजचा दिवस तरी जाऊ दे," ती हळूच म्हणाली.

बाराच्या सुमाराला गाय विताना अडली. योरुन बूट चढवून गोठ्याकडे धावली. दारातून वळून म्हणाली, "फोन वाजला तर मला हाक मार. तू घेऊ नकोस. नाही म्हणाले तर तुझ्याच्याने ऐकवणार नाही."

"मी काय लहान आहे?"

"हाक मार," ती पुन्हा म्हणाली आणि गेली.

पाऊण तासाने फोन वाजला.

आयविंद उठला. दाराशी गेला. गोठ्यातून गायीचं हंबरणं आणि योरुनचा तिला चुचकारणारा आवाज येत होता. तो परत फिरला, दोन्ही हात पँटला पुसले आणि पाचव्या घंटीला फोन उचलला.

"हॅलो, योरुन?"

हालस्टाइनचा आवाज त्याने लगेच ओळखला.

"ती गोठ्यात आहे. मी आयविंद बोलतोय. सांगा."



"बरं झालं तूच भेटलास," हालस्टाइन म्हणाले. "कधीतरी तुझ्याशीच बोलावं असं फार दिवस मनात होतं. तुला कळू देऊ नका म्हणून तिने मला बजावलंय, पण आता मला राहवत नाही."

"काय कळू देऊ नका?"

"चौथं वर्ष आहे हे, आयविंद. बायकांच्या रिलेतली पहिली जागा मी तिच्यासाठी शेवटच्या दिवसापर्यंत रिकामी ठेवतो, आणि दर वर्षी ती मला एकच उत्तर देते. म्हणते, आधी आयविंदला बोलवा, मग मी येते."