निरोगी नमुना

मेंदूच्या पेशींतली प्रथिनं बिघडून गोळा झाली, की ती मणक्यातल्या पाण्यातही उतरतात आणि खास रंग घातला की विशिष्ट प्रकाशात हिरवी चमकतात. त्यावरून स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं आधी ओळखायची चाचणी संशोधक बाईंनी शोधली होती. तुलनेसाठी एक निरोगी नमुना हवा होता. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, म्हणून त्यांनी गुपचूप स्वतःच्याच मणक्यातलं पाणी काढवून घेतलं.

तीनदा तपासलं, तिन्ही वेळा नळी हिरवीगार चमकली. सकाळपासून बाई खोलीत नुसत्या येरझारा घालत होत्या.

"मशीन ठणठणीत आहे, बाई," लॅबमधले काका म्हणाले. "कुणीतरी या नळीवर चुकून 'निरोगी' लिहिलंय. फेकून देऊ?"

 

"नको, काका. लेबल तेवढं बदला."