निळे कण

बेटावरच्या प्रयोगशाळेत बाई अकरा वर्षं किनाऱ्याची वाळू चाळून त्यातले प्लास्टिकचे कण वेगळे करत होत्या. आता डोळे शिणले होते, पाठ धरली होती.

आजचे निळे कण त्यांनी बशीतल्या पाण्यावर सोडले. तेवढ्यात दिवस भरत आलेली त्यांची लेक चहा घेऊन आली. संथ तरंगणारे कण हळूहळू सरकत तिच्या बाजूच्या कडेला जाऊन चिकटले.

“वारा असेल, आई.”

बाईंनी खिडकी लावली. “जरा या बाजूला ये बघू.”

ती टेबलाला वळसा घालून आली. कणही वळले.

थकल्या हातांनी बाईंनी बशीवर काचेचं झाकण ठेवलं.

“बघ, बाळानं लाथ मारली,” पोटावर हात ठेवत लेक हसली.

झाकणाखाली सगळे कण एकदम दचकले.