अण्णांची शिकवणी

पॅरॅलिसिसचा झटका येऊन अण्णांची वाचा गेली, तेव्हा नौपाड्यातल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी मृणालला बजावून सांगितलं होतं, "रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बस. घरातल्या वस्तूंची चित्रं दाखव, त्यांची नावं म्हणत राहा. लहान मूल शिकतं ना, तसे शब्द परत येतील."

मृणाल नेमाने बसायची. पण जपानमधल्या एका वृद्धाश्रमातल्या नोकरीसाठी भाषेची परीक्षा तोंडावर आलेली, आणि वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांत निवांत जागा काय ती अण्णांच्या उशाशी. मोबाईलवरच्या ॲपमध्ये एकेक चित्र यायचं आणि ती दबक्या आवाजात त्याचा जपानी शब्द घोकायची. अण्णा टक लावून बघत राहायचे. स्वयंपाकघराच्या दारातून आई कौतुकाने म्हणायची, "लेक असावी तर अशी!" मृणाल तिची नजर चुकवायची. एवढी परीक्षा होऊ दे, मग अण्णांचं मनापासून घेईन, असं तिने स्वतःला कितीदा तरी समजावलं होतं.

आज सकाळी अण्णांचे ओठ हलले. "मिझु," ते म्हणाले. मग जोर लावून पुन्हा, "मिझु!"

आई धावत आली आणि रडायलाच लागली. "बोलले गं बाई, बोलले! पण काय म्हणतायत? तुला कळलं का काही?"



"नाही गं," म्हणत मृणालने मान खाली घातली, आणि पाण्याचा पेला अण्णांच्या ओठांना लावला.