मळका कापूस

धाकटा युनूस दारू पिऊन, तोबा न करता, पापांची माफी न मागताच वारला. धरणगावच्या अंगणात त्याच्या दोन्ही भावांची जुंपली.

"तोबा नाही, म्हणजे कायमची आग," मोठा हारून म्हणाला.

"कलमा मानत होता, अल्लाहवर ईमान होतं. शिक्षा भोगून सुटेल," रशीद म्हणाला.

माय युनूसची कळकट गादी उसवून धुनकीने पिंजत होती. मळ खाली झडत होता, कापूस तरंगत जाऊन दोघांच्या दाढ्यांवर अलगद बसत होता.

"माय, फेक ना तो कापूस," हारून वैतागला.

"पिंजारीना पोऱ्या शे ना तू? मळका म्हणून आपण कापूस कधी फेकतस का?"

हारूनने दाढीवरचा कापूस टिपून ढिगात ठेवला. मग त्याने मायच्या हातून धुनकी घेतली, आणि फटके जरा हळूच मारू लागला.