ठरलेला पाळणा

लेकीचा पाळणा मनस्वीने ऑनलाइन विकायला ठेवला, तेव्हा देवरूखच्या सुहासने पहिल्याच फोनवर सौदा ठरवला. “आमचाच समजा, ताई. दुसऱ्याला देऊ नका.” पण न्यायला काही येईना. विचारावं तर एकच उत्तर, “येतो ओ, जरा कळ काढा.” आलेली गिऱ्हाइकं परत पाठवताना तिचा जीव खालीवर होई. शेवटी वैतागून तिने तो जयगडच्या एका बाईंना देऊन टाकला. त्यांचा टेम्पो वळणापर्यंत पोचतो न पोचतो, तोच सुहासचा फोन.

“ताई, मुलगी झाली! बाळ व्हायच्या आधी पाळणा घरात आणायचा नाही, म्हणून आईने अडवलं होतं. ठेवलाय ना?”

“ठेवलाय तर! तुमचाच आहे तो,” म्हणत मनस्वी लेकीला काखोटीला मारून अनवाणीच टेम्पोमागे धावत सुटली.