ताटातलं नाव

“मॅडम, ही यमुना घुले कोण?” नव्या कंपनीतली मुलगी फोनवर विचारत होती. “तुमच्या पदवीवर तिचं नाव आहे आणि आधारवर तुम्ही अन्विता सांगळे. पडताळणीवाल्यांनी शेरा मारलाय की पदवी दुसऱ्याच बाईची आहे. उद्यापर्यंत पुरावा द्या, नाहीतर ऑफर रद्द होईल.”

जुनी नोकरी मी शुक्रवारीच सोडली होती. निरोपाचा नारळ अजून ओट्यावर पडून होता.

नवरा इस्त्री करता करता म्हणाला, “एवढं काय चिडायचं? राजपत्रात नाव छापून घेऊ.”

“उद्यापर्यंत? दहा वर्षं काय केलंस? ताटात तांदूळ पसरून अंगठीनं माझं नवं नाव लिहिलंस, तेव्हा मला विचारलं तरी होतंस का?”

“आईला यमुना जुनाट वाटलं. मी काय करणार?”

सासूबाई मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आपल्यात सगळ्यांचीच बदलतात. माझंही बदललं. मी कधी तोंड उघडलं नाही.”

माझ्या गावातली पहिली इंजिनिअर यमुना होती. अन्विताला पाढेसुद्धा कोणी शिकवले नव्हते.

फोन पुन्हा वाजला. “मॅडम, या दोघी एकच आहेत असं सांगणारं घरात कोणी आहे का?”

“आहे ना,” मी म्हणाले आणि फोन सासूबाईंच्या हातात कोंबला. “घ्या, आई. अन्विता कोण, ते तुम्हीच सांगा. पण आधी तुमचं माहेरचं नाव सांगा.”