शेवटचा फर्मा

नवं पुस्तक आईला द्यावं की गुपचूप दुकानात परत करावं, हे तिसरा मजला आला तरी लेकीचं ठरत नव्हतं. दार उघडंच होतं. खिडकीपाशी आई आपलं जुनं पुस्तक घेऊन बसली होती आणि टेबलाशी बाबा शब्दकोडं सोडवत होते.

"ये, ये. अठ्ठाविसावं पारायण चाललंय," बाबा म्हणाले. "मी म्हणतो, वाचलेलं पुस्तक परत वाचायचं म्हणजे चढलेला जिना परत चढायचा."

"रोज चढताच की," आई पानावरून नजर न काढता म्हणाली. "घर वर आहे म्हणून."

बाबांनी पेन्सिल कानावर ठेवली. या घरात आईशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही, आणि बाबांना तर हरायची हौसच.

आई बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होती. सोळा पानांचा एक फर्मा, असे फर्मे ओळीने लावायचे आणि शिवायचे. पहिल्याच आठवड्यात एका पुस्तकाला शेवटचा फर्मा लावायचा राहिला. मालकाने ते तिच्यापुढे आपटलं, "घरी ने, चूक लक्षात राहील." चूक राहिली बाजूला, पुस्तकच मनात बसलं. नदीवर नाव चालवणाऱ्या बाईची गोष्ट होती ती. नवरा सोडून जातो, ती वल्हं हातात घेते. बारा वर्षांनी तो काठावर येऊन हाक मारतो, आणि तिथेच पानं संपतात. पुढचं आई लेकीला तोंडी सांगायची. बाई नावेतूनच म्हणते, "फेरी संपली. उद्या या."

लेक याच वाक्यावर वाढली. न सांगता निघून गेलेला तिचा नवरा गेल्या वर्षी, सात महिन्यांनी, बॅग घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिने त्याला हेच ऐकवलं आणि दार लावून घेतलं. दार लावल्याचा तिला एक दिवसही पस्तावा झाला नव्हता. आज तिने त्याच पुस्तकाची नवी प्रत आईसाठी घेतली, दुकानातच उभ्या उभ्या खरा शेवट वाचला आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. खऱ्या शेवटात बाई वल्हं नवऱ्याच्या हातात देते आणि मान खाली घालून स्वयंपाकाला लागते.

"पिशवीत काय लपवतेयस?" म्हणत आईने हात घालून पुस्तक काढलंच. नाव बघून तिचा चेहरा खुलला. पण उघडण्याआधी तिने पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

"शिवलंय कुठे? नुसतं चिकटवलंय मेल्यांनी. एकदा वाचा आणि कपाटात टाका, म्हणून बांधलेलं हे. दुसऱ्यांदा उघडलं की पानं हातात."

तिचं जुनं पुस्तक तिने स्वतः तीनदा उसवून शिवलं होतं. आजही कुठलंही पान काढा, पुस्तक कसं सपाट उघडं राहायचं.

तिची बोटं शेवटच्या पानांकडे वळली तशी लेकीने त्यावर हात ठेवला.

"शेवट नको वाचूस, आई."

"का गं?"

"वेगळाच आहे. घाण आहे." लेकीने हात तसाच दाबून धरला. "तू सांगायचीस तसं ती म्हणतच नाही. मग मी कुणाच्या भरवशावर दार लावलं गं?"

"वल्हं देऊन टाकते ना त्याला?" आई शांतपणे म्हणाली. "माहितीये मला."

लेकीने पुस्तकावरचा हात काढला.

"पुढच्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली. शेवटचा फर्मा नेमका माझ्या वाट्याला. तीन हजार घड्या घातल्यात त्या शेवटाला, या हातांनी. पहिल्याच घडीला वाचून काढला आणि असा संताप आला, त्या दिवशी एक घडी म्हणून सरळ पडली नाही."

"मग एखादा आणून लावायचास की आपल्या पुस्तकाला. तुला काय, दहा मिनिटांचं काम!"

"आणला होता ना, मालकाला विचारून. सुईत दोरासुद्धा ओवला होता. तेवढ्यात हे कामावरून आले. आणि तू, पाच वर्षांची, दार अडवून उभी. कमरेवर हात. म्हणतेस कशी, फेरी संपली, उद्या या."

"पंधरा मिनिटं उभा होतो मी बाहेर," बाबा म्हणाले. "सरकायला तयार नाही!"

"अशी ताठ उभी होतीस." आईने बसल्या जागी पाठ सरळ करून दाखवली. तिचे डोळे चमकत होते. "म्हटलं, गेला उडत तो लेखक. त्याच्या शेवटापायी माझी पोर वाकवू होय मी? सुई डबीत ठेवून दिली."

लेकीने नाक पुसलं. "आणि तो फर्मा?"

आईने हनुवटीने टेबलाकडे खूण केली. "त्याचा एक पाय आखूड होता."

लेक खाली वाकली. बाराखडीपासून पदवीपर्यंत तिने सगळं याच टेबलावर लिहिलं होतं. पायाखाली ती सोळा पानं होती, घडीवर घडी घातलेली, पिवळी पडून लाकडासारखी टणक झालेली.

"काढू नकोस हं," बाबा कोड्यावर हात ठेवत घाईघाईने म्हणाले. "हलेल."

लेकीने बोटाने तो फर्मा आणखी थोडा आत सारला.